आडवी न आलेली रोही

३ जुलै, बुध.

आज पुन्हा ऑफिसला उशीर. कारण नाडी. यांच्या पायजम्याची नाडी बांधून दिली, डबा घेतला, चपला घातल्या, तर आतून हाक: सैल झाली. परत गेले, परत बांधली. इलास्टिकचे दोन पायजमे आणून दिलेत, ते घडी न मोडता कपाटात आहेत. "म्हातारे घालते ते." एकावन्नाव्या वर्षी हे अजून तरुण आहेत हे मला माहीत नव्हतं.

अकरावीचे प्रवेश सुरू. खिडकीवर पालकांची रांग, आणि मी घामाघूम होऊन खुर्चीत. मोठ्या बाबूंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोलले नाहीत. न बोलण्याचंच जास्त लागतं.

मी घरी येईपर्यंत हे पाणी कमी पितात, हे परवा कळलं. नालवाडीच्या घरात दिवसभर एकटे. शेजारच्या काकांना बोलावता येतं, पण नाही. नाडी बायकोनेच बांधायची. मार्चपासून उजवा हात खांद्यापासून नुसता लटकलेला आहे.

८ जुलै, सोम.

अर्धी रजा टाकून कोर्टाजवळ वकीलबाईंकडे. आमच्या प्राचार्य मॅडमच्या ओळखीच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं सरळ. नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. म्हणजे सप्टेंबर लागला की संपलं. बरं झालं आज गेले.

दोन रस्ते आहेत म्हणाल्या. समजलं ते असं. एक: चूक कोणाची हे न विचारता विमा कंपनी ठरलेली रक्कम देते, सगळ्यांना सारखी. घ्या आणि घरी जा. दुसरा: गाडी चालवणाऱ्याची चूक होती हे दाखवायचं. मग माणसाचं वय बघतात, कमाई बघतात, हात कामाला किती निकामी झाला ते बघतात. झालेला दवाखाना, पुढे लागणारा दवाखाना, सोबतीला लागणारा माणूस, आणि दुःख. दुःखाचाही रकाना आहे. मी विचारलं, नाडी कोणत्या रकान्यात येते? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सोबतीच्या माणसाच्या.

मग म्हणाल्या, अपघात कसा झाला?

मी म्हटलं, रोही आडवी आली. नीलगाय, रस्त्यात.

त्यांनी पेन खाली ठेवला. "ताई, रोहीचा विमा नसतो."

९ जुलै, मंगळ.

वकीलबाईंना काल खरं सांगून आले. इथेही लिहून ठेवते, कारण आमच्या घरात ती रोही आता इतकी खरी झाली आहे की एखाद दिवशी मलाच दिसेल.

मार्चमध्ये माझ्या धाकट्या भावाच्या, गजूच्या, पोराचं जावळ होतं. नवस गिरडच्या टेकडीवरच्या बाबाचा, म्हणून स्वयंपाक खाली, जावळ वर. गजू आदली सगळी रात्र चुलींपाशी जागा होता. मी आईकडे राहिले. यांना दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं. गजू म्हणाला, भाऊजीले मी सोडून देतो. पुढच्या सीटवर शिरणीच्या टोपल्या, म्हणून हे मागे बसले. बसले आणि झोपले, कोपर खिडकीबाहेर. जाम गावाच्या अलीकडे गाडी रस्त्याखाली उतरून उजव्या कुशीवर पडली. गजूला खरचटलं.

दवाखान्यात हवालदार आला. स्ट्रेचरवर पडलेला हा माणूस, हात फडक्याने छातीला बांधलेला, कोणी काही विचारायच्या आत म्हणाला, "रोही आडवी आली साहेब." गाडीत झोपला होता आणि रोही पाहिली. हवालदाराने तेच लिहिलं. गुन्हा नाही, काही नाही.

मी पोचले तेव्हा गजू नळापाशी तोंड धूत होता. धूतच होता. म्हणाला, "ताई, माहा डोया लागला."

बस. एवढंच खरं आहे. हे तिघांना माहीत आहे, आणि आता वकीलबाईंना. आई मात्र गावात सांगते की रोहीला ही एवढी शिंगं होती.

१४ जुलै, रवि.

यांच्यापाशी विषय काढला. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "जावयानं साळ्याचं नाव पोलिसात द्याचं काय? तेही पोराच्या जावळाच्या दिवशी?" मी म्हटलं, जावयाचा हात गेला त्याच दिवशी. त्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मोठेपणा करायला यांना कोणी सांगितलं होतं? मी रागावले की भांडी जोरात घासते. आज सगळी भांडी चकचकीत आहेत.

देवळीच्या दुकानाचं शटर उघडलेलं नाही. विहिरीवरची जळालेली मोटार आली की आतली करपलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार खाचेखाचेतून भरायची, वेढे मोजत. एका हाताने वेढा धरायचा, दुसऱ्याने ओढायचा. मागच्या महिन्यात हे बसने जाऊन शटरसमोर उभे राहून परत आले. किल्ली खिशात होती. कुलूप काढता आलं असतं, शटर उचलता आलं नसतं. कोणाला म्हटलं नाही, उचलून द्या.

२१ जुलै, रवि.

गावी जाऊन आले. गजूशी शेताच्या बांधावर बोलले, आईसमोर नको म्हणून. सगळं सांगितलं: अर्जात तुझं नाव घालावं लागतं, तू गाडीचा मालक आणि चालवणारा. पण पैसे कंपनी देणार, तुझ्या खिशाला हात नाही. पॉलिसी पूर्ण आहे, गाडीत बसलेल्यांनाही लागू आहे.

तो लगेच म्हणाला, "टाक ना ताई. कागदच हाय. भाऊजीचा हात महत्त्वाचा हाय का माहं नाव?"

मला रडू आलं. मीच याला शाळेत नेऊन सोडायची. दप्तर माझ्या खांद्यावर आणि हा पुढे पळत.

निघताना सहज म्हणाला, गावचं पोलीस पाटलाचं पद रिकामं आहे, जाहिरात निघाली की अर्ज भरणार. आई खूश. घरात आबांनंतर, आमच्या वडिलांनंतर, कोणाला मान मिळाला नाही म्हणते.

१ ऑगस्ट, गुरु.

अर्ज तयार. यांना कोर्टाजवळ नेलं. वकीलबाईंनी वाचून दाखवला. "गैरअर्जदार क्रमांक एक याने आपले वाहन भरधाव व निष्काळजीपणे चालवून..." गैरअर्जदार क्रमांक एक म्हणजे गजू. गैरअर्जदार क्रमांक दोन कंपनी.

हे म्हणाले, "ते भरधाव काढता नाई येत काय?"

त्या म्हणाल्या, अशा अर्जात तसंच लिहितात, काका. सगळ्यांच्यात असतं.

यांनी डाव्या हाताने सही केली. गेले महिनाभर वहीत गिरवत होते, मला वाटायचं वेळ जात नाही म्हणून. सही पहिलीतल्या पोराची दिसते. रोहीचं काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पोलिसांकडची नोंद खोडता येत नाही, पण भावाने कोर्टात येऊन खरं सांगितलं तर काम होतं.

१९ ऑगस्ट, सोम. राखी.

गजू आला, बायको-पोराला घेऊन. राखी बांधली. यांच्याशी नेहमीसारखा बोलला. जाताना यांचा लटकता हात दोन्ही हातांत घेऊन बसला थोडा वेळ. त्या हाताला कळत नाही कोणी धरलाय ते. हे मात्र हसत होते.

अर्ज दाखल झाला हे सांगितलं. "बरं केलं," म्हणाला. पाटलाची जाहिरात अजून नाही.

१५ ऑक्टो., मंगळ.

आज दुपारी ऑफिसात फोन. गजू.

कोर्टाची नोटीस गावात पोचली. हा शेतात होता. नोटीस घेऊन येणाऱ्या माणसाने चौकात घर विचारलं, चौघे सोबत आले, ओट्यावरच पाकीट उघडलं, आणि कोणी तरी मोठ्याने वाचलं.

"भरधाव लिहिलं व ताई तुनं. सगळ्या गावानं आयकलं. मी कवा भरधाव चालवली, सांग."

मी म्हटलं, ते तसंच लिहितात. वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा पटलं होतं, फोनवर मी सांगताना पटेना.

"मले वाटलं कागद कोर्टात राह्यते. घरी येते हे नाई सांगतलं तुनं."

सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. मी तरी याआधी किती दावे केलेत? खिडकीवर एक बाई दाखल्यासाठी थांबली होती, तिला मी उद्या या म्हटलं. दाखला समोर तयार होता.

१७ ऑक्टो., गुरु.

आईचा फोन. "भावाले कोर्टात उभं करून राह्यली तू. बहीण हायेस का कोन हायेस?" मी म्हटलं, आई, कंपनी पैसे देणार आहे. म्हणाली, कंपनीवर कर ना मग, त्याच्यावर काऊन केली? हे उत्तर मला वकीलबाईंनी तीनदा समजावलंय. त्याची चूक ठरली तरच कंपनी पूर्ण देते. आईला एकदाही समजावता आलं नाही. शेवटी ती म्हणाली, रोही आली होती ना? मी फोन ठेवला. आईला अजूनही खरं माहीत नाही, आणि ते सांगायचं काम गजूचं आहे की माझं, कळत नाही.

३ नोव्हें., रवि. भाऊबीज.

गजू आला नाही. दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. पुरणपोळ्या गार झाल्या. यांनी तीनदा गेटपाशी जाऊन पाहिलं.

दरवर्षी ओवाळताना तो म्हणतो, माग ताई, काय पाहिजे. मी म्हणते, पोतंभर तुरीच्या ओल्या शेंगा. मग खरंच पौषात शेंगांचं पोतं घेऊन येतो आणि आम्ही मीठ टाकून उकडून खातो. लहानपणापासूनचं आहे. तेव्हा त्याच्याकडे ओवाळणीत टाकायला काही नसायचं, म्हणून शेंगा.

भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. संध्याकाळी गच्चीवर गेले. बीजेची कोर, नीट दिसायच्या आत मावळायला टेकलेली. ओवाळलं. त्याने काय पाहिजे विचारलं नाही.

२२ जाने., बुध. (नवीन वर्ष, जुनी तारीख)

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय, तारखा पडतात. गजू कोर्टात आला नाही, वकील लावला नाही. त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालेल म्हणे. शेंगा आल्या नाहीत.

आज सरकारी दवाखान्यात अपंगत्वाचं बोर्ड. या कागदावर सगळं आहे, असं वकीलबाईंनी बजावलं होतं: जे होत नाही ते स्पष्ट सांगा.

हे सकाळी उठून दाढी करून घ्यायला सलूनमध्ये गेले. इस्त्रीचा शर्ट मागितला. केसांना तेल. घड्याळ डाव्या मनगटाला बांधून मागितलं. मी म्हटलं, आपण पोरगी पाहायला नाही चाललो. म्हणाले, मोठे डॉक्टर राहते तिथं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे?

"त्रास काई नाई साहेब. बरं हाय."

हात उचलून पाहिला, सुई टोचली, सगळं लिहिलं. ते ठीक. मग विचारलं, कपडे घालता येतात? "येते ना." अंघोळ? "होते." जेवण? "सगळं माहं मीच करतो साहेब."

मी म्हटलं, सर, तसं नाही. नाडीसुद्धा मी... डॉक्टर चांगल्या शब्दांतच म्हणाले, बाई, पेशंटला बोलू द्या. आणि पेशंट माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की माझं तोंड बंद झालं. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. सकाळी त्या शर्टाच्या सगळ्या गुंड्या मी लावल्या होत्या.

बाहेर बाकावर बसून मी रडले. हे म्हणाले, "चार पोरी शिकाऊ उभ्या होत्या तिथं. त्याईच्यासमोर नाडीचं सांगू काय?"

आपल्याकडे मरणाऱ्याला विचारलं कसं काय, तर तोही बरं हाय म्हणेल. कोर्टाला हे कसं सांगायचं?

११ फेब्रु., मंगळ.

बोर्डाचा दाखला आला. हाताचे टक्के चांगले लिहिलेत. चांगले! काय शब्द वापरते मी. खाली एक ओळ: दैनंदिन कामे स्वतः करतो. म्हणजे सोबतीच्या माणसाचा रकाना गेला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी टक्के समजावले. हाताचे टक्के वेगळे, कामाचे टक्के वेगळे. माझ्यासारखीचा हात गेला तर पगार चालू राहतो, मोटार बांधणाऱ्याचा गेला तर सगळंच गेलं, कोर्ट ते बघतं. पण कमाई दाखवा. कुठून दाखवू? यांनी कधी पावतीबुक ठेवलं नाही. शेतकरी मोटार टाकून जायचा, कापूस विकला की पैसे द्यायचा. आता पुरावा नसेल तर कोर्ट मजुराच्या हिशेबाने धरेल. यांना हे सांगितलं नाही. मजूर हा शब्द यांना हातापेक्षा जास्त लागेल.

नागपूरचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून दुसरीकडचा स्नायू जोडता येतो, बोटांना धरायची ताकद येऊ शकते. खात्री नाही. पण हात सुकत चाललाय, फार थांबू नका. खर्च ऐकून आम्ही दोघांनी एकदम चहा मागवला. पूर्ण भरपाई मिळाली तरच ते ऑपरेशन. ठरलेल्या रकमेत ते बसत नाही.

एक तरी वेढा धरता येईल काय, असं यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना वेढा समजला नाही.

१४ जुलै, सोम.

आज यांची साक्ष. पहिल्यांदा कोर्टात आत बसले. पंखे, फायली, आणि आपल्यासारखीच माणसं, कोणाचा पाय, कोणाचा मुलगा.

वकीलबाईंनी पढवलं होतं: विचारतील तेवढंच, चालकाचा ताबा सुटला म्हणा. कंपनीचे वकील म्हातारे, गोड बोलणारे. भाऊ, बसून सांगितलं तरी चालेल म्हणाले. हे उभेच राहिले. मग त्यांनी पोलिसांकडची नोंद काढली. तुम्हीच सांगितलं ना, रोही आडवी आली?

मला वाटलं आता एक तर हा माणूस पुन्हा रोही म्हणेल आणि सगळं बुडवेल, नाही तर गजूवर ढकलेल आणि घरी येऊन जेवणार नाही.

"मी झोपलो होतो साहेब. रोही मी पाह्यली नाई. गाडी कशी गेली तेही पाह्यलं नाई."

मग पोलिसांना खोटं का सांगितलं?

"घरचा मानूस होता साहेब."

न्यायाधीशांनी मान वर करून एकदा यांच्याकडे पाहिलं, मग लिहून घेतलं.

बाहेर वकीलबाई म्हणाल्या, रोही गेली हे बरं झालं, पण चूकही सिद्ध झाली नाही. जागा माणूस एकच होता गाडीत. गजूला साक्षीला बोलवावं लागेल. तो डोळा लागला म्हणाला तर पूर्ण भरपाई. रोही म्हणाला तर ठरलेली रक्कम. मी विचारलं, डोळा लागला म्हणाला तर त्याच्यावर केस होईल काय? त्या म्हणाल्या, होऊ शकते. होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही.

बसमध्ये हे खिडकीपाशी बसले. कोपर आत.

९ ऑगस्ट, शनि. राखी.

राखी पाकिटातून पाठवली होती. पोचली काय, माहीत नाही. आईचा फोन आला, राखीचं बोलली नाही. पाटलाची जाहिरात निघाली, गजूने अर्ज भरला, लेखीची तयारी करतोय. "केस-बिस नाई पाह्यजे म्हनते त्याच्यात," म्हणाली. मुद्दाम म्हणाली की सहज, आईचं कळत नाही.

आमच्या एका अर्जाने गजूचा मान जातो, आणि त्याच्या एका शब्दाने यांचा हात. कोणाकडे जाऊन भांडायचं? चूक कोणाची म्हणावी तर एका रात्रीच्या जागरणाची.

२६ सप्टें., शुक्र.

कंपनी तडजोडीला तयार आहे. डिसेंबरच्या लोकअदालतीत मिटवू म्हणतात. ठरलेल्या रकमेपेक्षा थोडी जास्त, पण ऑपरेशन आणि पुढची वर्षं यांच्या जवळपासही नाही. एकदा तडजोडीवर सही केली की पुढे अपील नाही, कायमचं बंद. नाही तर गजूची साक्ष, तिचा समन्स निघालाय, सतरा नोव्हेंबर. तो काय बोलतो त्यावर.

यांना विचारलं, काय करायचं? "तू म्हनशीन ते." मी ओरडले. दीड वर्षात पहिल्यांदा ओरडले. प्रत्येक गोष्टीत मी म्हणेन ते, मग रोही काय मला विचारून आणली होती? हे उठून आत गेले. थोड्या वेळाने बाथरूममधून हळूच हाक आली, अगं. गेले, बांधली. भांडताना गाठ नीट बसत नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.

गजू लेखी पास झाला. मोठ्या बाबूंच्या ओळखीचा आमचा एक गाववाला आहे, त्याच्याकडून कळलं, घरच्यांकडून नाही. तोंडी परीक्षा दिवाळीनंतर, मग पोलिसांकडून चौकशी. मी ऑफिसात पेढे वाटावे की काय, असं झालं. आनंद झाला हे खरं लिहिते. आणि लगेच सतरा तारीख आठवली हेही.

यांच्या हाताची बोटं आतल्या बाजूला वळायला लागलीत. मी रोज तेल लावून सरळ करते, सकाळी पुन्हा वळलेली असतात.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज.

स्वयंपाक दोघांपुरताच केला होता. साडेअकराच्या सुमारास गेट वाजलं. गजू, एकटाच. दाढी वाढलेली, हातात मिठाईचा डबा. हे आत अंघोळीला गेले होते. मी काही विचारलं नाही, पाट मांडला.

कुंकू लावलं, ओवाळायला ताट उचललं. तो खाली पाहत होता. मग म्हणाला, "माग ताई, काय पाह्यजे."

दरवर्षीचंच वाक्य. पण थट्टेत नव्हतं. माझा हात थांबला.

"सतरा तारखेले मी काय सांगू ते सांग. माह्यानं नाई ठरवनं होत. रोही म्हन, रोही सांगतो. डोया लागला म्हन, ते सांगतो. पाटलाचं जाऊ दे. तू म्हनशीन ते."

दीड वर्ष मी याच एका गोष्टीची वाट पाहत होते. मनात कितीदा याला सुनावलं असेल, खरं बोल म्हणून. आता हा माझ्यासमोर पाटावर बसून विचारत होता, आणि मी ताटातली वात सारखी करत होते. तेव्हा दप्तर माझ्या खांद्यावर होतं, आताही यानेच आणून दिलं. मला याचा राग आला. खूप राग आला. आणि याच्या कानापाशी पांढरे केस दिसले, मागच्या वर्षी नव्हते.

तेवढ्यात आतून हाक. हळू. अगं.

मी ताट खाली ठेवलं. गजू म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नाडी. त्याला समजलं नाही. मग म्हटलं, त्यांना बांधता येत नाही, मी बांधते रोज.

हे त्याला माहीत नव्हतं. राखीला तास दोन तास येणाऱ्याला कुठून माहीत असणार? आम्हीच तर सगळ्यांना बरं हाय सांगितलं. त्याने मिठाईचा डबा बाजूला सारला. मग उठला. "मी जातो."

मी अडवायला हात पुढे केला. हे परत पाठवतील, लाजतील, दोघांचीही शोभा होईल, असं वाटलं. शेजारच्या काकांना कधी येऊ दिलं नाही. बोर्डाच्या डॉक्टरांसमोर खोटं बोलले. पण तो आत गेला आणि आतून काही आवाज आला नाही. मग यांचाच आवाज, नेहमीचा, दुकानात शिकवायचे तसा: "लय घट्ट नको. मले एका हातानं सोडता आली पाह्यजे."

नंतर दोघं बाहेर आले. गजूचे डोळे लाल. हे त्याच्या मागे, डावा हात त्याच्या खांद्यावर. मी ओवाळायचं राहिलं ते पूर्ण केलं. तिघं जेवलो. दोघांपुरता स्वयंपाक तिघांना पुरला, कारण नीट कोणीच जेवलं नाही. साक्षीचं कोणी काढलं नाही. यांनी विचारलं, तुरी कशा आहेत? तो म्हणाला, फुलावर आहेत.

चारच्या बसने निघाला. गेटपाशी थांबला. "मंग ताई?"

मी म्हटलं, "तुरीच्या शेंगा. पोतंभर."

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. दुसरं काही यायलाच तयार नव्हतं. मान हलवून तो गेला. त्याने त्यातून काय समजायचं ते समजलं असेल. मी काय सांगितलं ते मलाच कळलेलं नाही.

हे विचारत होते, काय म्हणाला गजू? म्हटलं, काही नाही. पायजम्याची गाठ पाहिली. माझ्यापेक्षा चांगली बसली आहे.

सतरा तारखेला सोमवार आहे. रजेचा अर्ज उद्या देते.